नखं काढा सगळ्यांची

मला आयुष्यात पहिल्यांदा 'साहेब' अशी हाक गयाबाईंनी मारली, आणि साहेबपणाची हवाही त्याच दिवशी त्यांनीच काढली. शेतकीचा डिप्लोमा घेऊन मी नुकताच बाहेर पडलो होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. जालन्याहून बदनापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला एका बियाणेवाल्याची दहा-बारा एकरांची बागाईत होती, तिथं मला फील्ड असिस्टंट म्हणून नोकरी लागली. फील्ड होतं, असिस्टंट मी एकटाच.

तिथं संकरित कपाशीचं बी तयार व्हायचं. काम सांगायला सोपं. एका जातीच्या झाडावर उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, तिच्या पाकळ्या आणि आतले पुंकेसर काढून टाकायचे, उरलेल्या दांड्याला लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं फूल आणून त्याचा पराग त्या दांड्यावर घासायचा. झालं. पण अशा कळ्या रोज हजारोंनी येतात, आणि दुपारी जी नजरेतून सुटते ती सकाळी आपली आपण उमलून बसते. तिचं बी संकरित धरत नाहीत. अशी उमललेली फुलं तोडून फेकण्याशिवाय इलाज नसतो. सगळा मोसम दोन-अडीच महिन्यांचा, आणि सगळी मदार बायांच्या हातांवर.

पहिल्या दुपारी मी कॉलेजातला चिमटा खिशातून काढला आणि बायांना गोळा करून प्रात्यक्षिक दाखवायला लागलो. एकेक पुंकेसर चिमटीत धरून अलगद उपटत होतो. मी तीन कळ्या केल्या तोवर शेजारच्या ओळीतली एक काळीसावळी, उंच, चाळिशीला टेकलेली बाई अख्खी ओळ संपवून माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिनं उजव्या हाताच्या अंगठ्याचं लांब नख कळीच्या बुडाशी रुतवलं, हात गोल फिरवला, आणि पाकळ्या, पुंकेसर सगळं एका झटक्यात टोपीसारखं निघून आलं. आतला दांडा तसाच उभा, ओरखडा नाही.

"साहेब, तुमचं बुकातलं बराबर हाय," ती म्हणाली. "पर इतक्या सावकाश केलं तं दिवाळी हितंच होईल आपली."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी चिमटा खिशात घातला. त्या दिवसापासून त्या मोसमात मी जे काही शिकलो ते गयाबाईंकडून शिकलो, आणि डिप्लोम्याचा कागद ट्रंकेत राहिला.

गयाबाई त्या बेचाळीस बायांच्या मुकादमीण होत्या. कुणी नेमलेल्या नव्हत्या. कळी कुठली उद्याची आणि कुठली परवाची हे त्यांना लांबून कळायचं, म्हणून बाया त्यांना विचारायच्या, आणि विचारता विचारता त्या मुकादमीण झाल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण सकाळी बांधावर उभं राहून बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत त्या बेचाळीस नावं घ्यायच्या, नावापुढे नवऱ्याचं किंवा बापाचं नाव लावून. शांताबाई किसन. रुक्मिणबाई धोंडिबा. जैतुनबी लतीफ. एखादी आली नसेल तर बोट त्या पेरावर थांबायचं आणि त्या विचारायच्या, "रुक्मिणबाई कामून न्हाई आली? ताप हाय का भांडण?" दोन्हींपैकी काय आहे ते कळल्याशिवाय बोट पुढे सरकत नसे. हजेरीची वही माझ्याकडे होती, पण त्या वहीत चूक निघायची, पेरांत कधी निघाली नाही.

नाव घेण्याचा त्यांना एवढा सोस का, हे आमच्या मालकांना पाहिलं की समजायचं.

मालकांचं नाव दिगंबरशेठ. मोंढ्यात धान्याचा व्यापार करता करता ते बियाण्यात शिरले होते. संकरित बियाणं म्हणजे सोनं, एवढं त्यांना कळलं होतं. कपाशीच्या ओळीत वाकलेलं मात्र त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. ते जीपमधून यायचे, फाटकाजवळच्या लिंबाखाली बाज टाकायला लावायचे आणि तिथून ओरडायचे. नावानं हाक मारणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. जिचा पाय अधू ती लंगडी, जिची पाठ वाकलेली ती कुबडी, जिला मूल नाही तिला तर ते जे म्हणायचे ते मी इथं लिहीत नाही. मला ते 'ए डिप्लोमा' म्हणायचे. शेतातला बैलसुद्धा सर्जा होता, मी डिप्लोमा होतो. मला राग यायचा, पण तो मी रात्री खोलीवर जाऊन काढायचो, तोही भिंतीवर.

शेठच्या हातात वेताची काठी असायची, टोकाला पितळी टोपण. संध्याकाळी काम सुटलं की फाटकाशी झडती व्हायची. कुणी बोंड चोरून नेऊ नये, बी बाहेर जाऊ नये, म्हणून. बायांनी रांग लावायची, एकेकीनं बाजेपुढे यायचं, ओटी झटकून दाखवायची. तेवढ्यानं शेठचं समाधान झालं नाही की ते बसल्या जागेवरून काठीच्या टोकानं पदर उचलून बघायचे. निऱ्यांपाशी टोचायचे. बाया खाली बघत उभ्या राहायच्या. त्या वर्षी काय किंवा आधीच्या वर्षी काय, एक बोंड कधी सापडलं नव्हतं. पण झडती बंद झाली नव्हती. दुष्काळात याच बायांनी भर उन्हात खडी फोडली होती. इथलं काम गेलं तर परत तेच, हे शेठला माहीत होतं आणि बायांनाही. म्हणून पदर उचलला जायचा आणि कुणी बोलायचं नाही. मीही शेजारी वही घेऊन उभा असायचो आणि वहीत बघायचो.

गयाबाई रांगेत शेवटी असायच्या. त्यांचा पदर शेठनं कधी उचलला नाही. का, कोण जाणे. त्यांची नजर तशी होती असं म्हणतो. पण स्वतःचा वाचला म्हणून त्यांना चैन नव्हतं.

एकदा दुपारी भाकरी खाताना त्यांनी मला या काठीबद्दल सांगितलं. त्यांचा सासरा गावचा वेसकर होता. घरात वेसकरकीची काठी होती, घुंगरांची, पिढ्यान्‌पिढ्यांची. ती घेऊन गावचे निरोप पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि दारोदार शिळी भाकर मागायची. छप्पन साली त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, तेव्हा गयाबाई नव्या सूनबाई होत्या. "दीक्षा घेऊन घरी आलाव, आन्‌ मामांजीनं ती काठी घेतली, गुडघ्यावर मोडली आन्‌ चुलीत घातली. म्हणले, गया, आज हिच्यावर भाकरी टाक. म्या टाकली. तसली भाकर पुन्हा खाल्ली न्हाई बघा."

मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "आमच्या घरातून गेलेली काठी हा माणूस रोज माझ्या बायांच्या अंगाला लावून राह्यला साहेब. ते बंद व्हाया पायजे."

कसं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला तर विचारूच नका.

आश्विनात मोसम ऐन भरात आला. झाडं कळ्यांनी लगडलेली. एका संध्याकाळी झडतीत शांताचा नंबर आला. किसनची ही बायको जेमतेम वीस वर्षांची, पाचव्या महिन्यात होती. पोट नुकतं दिसायला लागलं होतं. शेठनं काठी उचलली आणि तिच्या पोटावर टोपण टेकवून म्हणाले, "ह्यात काय लपवलं गं? बोंडं का?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

रांगेच्या शेवटून गयाबाई चालत आल्या. घाई नाही, आवाज नाही. त्यांनी काठीचं टोपण मुठीत धरलं आणि बाजूला केलं. नुसतं बाजूला केलं आणि धरून ठेवलं. शेठनं ओढून पाहिली, सुटली नाही.

"लेकरू हाय मालक," त्या म्हणाल्या. "बिलकुल हात लावायचा न्हाई." मग शांताला म्हणाल्या, "जा शांताबाई. घरी जा." शांता गेली, तिच्यामागे रांगही गेली, आणि मग गयाबाईंनी काठी सोडली.

मला वाटलं, उद्या सकाळी गयाबाई कामावर नसणार. पण शेठ व्यापारी माणूस, ऐन मोसमात मुकादमीण काढायची नाही एवढं त्यांना कळत होतं. त्यांना तिला काढायचं नव्हतं, सगळ्यांदेखत वाकवायचं होतं. त्याच सुमाराला कुणी एक पाहुणा शेठकडे येऊन गेला होता आणि त्यानं चहा पिता पिता सांगितलं होतं की बऱ्याच कळ्या गळतात त्या आतला दांडा दुखावल्यानं. शेठनं एवढंच ऐकलं आणि त्यांना हवं ते सापडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाया जेवून ओळींकडे निघायच्या बेतात असताना, शेठची जीप आली. मागच्या सीटवर शेजारच्या गावचा मारुती न्हावी, मांडीवर धोकटी घेऊन, आपल्याला कशाला आणलंय हे न कळून बसलेला.

"ए गये, इकडं ये," शेठ बाजेवर बसून म्हणाले. "लई नखं वाढली तुझी. त्यानंच कळ्या गळून राह्यल्या माझ्या. मारुती, काढ हिची नखं. सगळ्यांसमोर."

मी पुढे होऊन म्हणालो, "शेठ, नख नसेल तर कळी सोलता..."

"ए डिप्लोमा, तोंड बंद. दोन बुकं शिकला म्हणून मला शिकवतो?"

मी तोंड बंद केलं. त्याची मला आजही लाज वाटते.

मारुती अवघडला. बायकांची नखं काढायचं काम त्याच्या घरात त्याची बायको करायची, आणि गयाबाईंच्या वस्तीत तर त्याच्या घरातलं कुणीच कधी गेलेलं नव्हतं. तो नखं काढायची नराणी हातात धरून नुसता बघत राहिला. गयाबाई त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"भिऊ नका मारुतीभाऊ. तुमच्या वडलांनी माझ्या सासऱ्याची हजामत कधी केली न्हाई. तुमी तं सुनेची नखं काढाया आलात. बरंच झालं की."

मारुतीनं मान खाली घातली आणि नराणी चालवली. अंगठ्याचं ते नख, ज्यावर गयाबाईंनी तीन मोसम काम केलं होतं, मातीत पडलं. शेठ बाजेवर मागे रेलले. गयाबाई उठल्या, पदर सारखा केला आणि लिंबाच्या बुंध्याशी जाऊन बसल्या. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. कुणाला खूण केली नाही, हे मी शपथेवर सांगतो, कारण मी त्यांच्याकडेच बघत होतो.

मग शांता उठली. मारुतीसमोर जाऊन बसली आणि हात पुढे करून म्हणाली, "माझीबी काढा."

तिच्यामागे जैतुनबी. तिच्यामागे रुक्मिणबाई. मग शेठ ज्यांना लंगडी, कुबडी म्हणायचे त्या. वस्तीतल्या, गावातल्या मराठ्यांच्या, सगळ्या. बायांची रांग लागली, संध्याकाळच्या झडतीला लागायची तशी, फक्त माना वर होत्या. मारुतीला घाम फुटला. शेती त्याच्याकडेही होती, आणि काय चाललंय ते मालकाच्या आधी त्याला उमगलं असावं. त्यानं नराणी थांबवून विचारलं, "मालक, सगळ्यांची?"

शेठचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना वाटलं, एकीला वाकवलं आणि सगळ्या वाकल्या. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"सगळ्यांची," ते म्हणाले. "नखं काढा सगळ्यांची. एकीचंबी ठेवू नको."

तासाभरात बेचाळीस बायांची नखं लिंबाखाली पडली होती. शेठ स्वतः बाजेवरून उठून प्रत्येकीचे हात तपासून आले. हत्यारबंद फौजेची हत्यारं काढून घ्यावीत तसं काहीतरी आपण केलंय अशा ऐटीत ते जीपमध्ये बसले. ती फौज त्यांचीच होती, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्या दुपारी बाया ओळीत गेल्या आणि मनापासून काम केलं. ओळीत शिरताना गयाबाईंनी बजावलं होतं, "काम सोडायचं न्हाई. उशीर करायचा न्हाई. मालकाचा हुकूम बराबर पाळायचा." पण बोटांच्या मऊ टोकांनी कळी सोलली जात नाही. ती चेंगरते, नाहीतर पाकळ्या फाटून पुंकेसर आतच राहतात. एरवी जितक्या कळ्या व्हायच्या त्याचा दहावा हिस्साही झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर उभा राहिलो तर सबंध शेत पिवळसर फुलांनी उमललेलं. कुणा नवख्याला ते दृश्य देखणं वाटलं असतं. मला त्यात बुडालेलं बियाणं दिसत होतं.

नियमाप्रमाणे बायांनी ती सगळी फुलं तोडली. एरवी ती बांधापलीकडे टाकत. गयाबाईंनी ती झाडाच्या सावलीत ठेवायला लावली. संध्याकाळी काम सुटलं, शेठ काठी घेऊन बाजेवर बसले, रांग लागली. पहिल्या नंबरला गयाबाई होत्या, पहिल्यांदाच. त्यांची ओटी फुगलेली होती. शेठचे डोळे चमकले.

"काय हाय ते? दाखव."

गयाबाईंनी ओटी सोडली आणि सगळी फुलं बाजेसमोर ओतली. सकाळची पिवळी फुलं आता गुलाबी पडून मलूल झाली होती. त्यांच्यामागे शांतानं ओतली. मग जैतुनबीनं. बेचाळीस ओट्या रिकाम्या झाल्या. ढीग बाजेच्या लाकडी गाताला लागला, शेठनं पाय वर घेतले.

"हे काय? हे इतकं कुठून आलं?"

"तुमचीच फुलं मालक," गयाबाई म्हणाल्या. "नखाबिगर सोलली जात न्हाईत, म्हणून उमलली. उमलली म्हणून तोडली. चोरून न्हेली म्हणाल, म्हणून झडतीला आणली. घ्या बघून."

शेठ माझ्याकडे वळले. "डिप्लोमा, ही काय म्हणून राह्यली?" मी पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं. म्हणालो, बरोबर म्हणतात त्या. फार मोठा पराक्रम नव्हता, पण वहीत बघितलं नाही.

पुढचे तीन दिवस शेठनं जे जे केलं ते पाहण्यासारखं होतं. आधी जालन्याच्या बाजारातून पन्नास चिमटे आणले. बायांनी चिमट्यानं एकेक पुंकेसर उपटायला सुरुवात केली, माझ्या प्रात्यक्षिकासारखी, आणि शेत रोज सकाळी उमलत राहिलं. मग ट्रक पाठवून मंठ्याकडून तीस बाया आणल्या, लांब नखांच्या. पण त्यांनी हे काम जन्मात केलं नव्हतं. त्यांनी आतला दांडाच तोडला आणि दुसऱ्या दिवशी कळ्या गळून ओळींत सडा पडला. शेठ ओरडले, त्या बायाही ओरडल्या. मंठ्याच्या बायांची पोटं काही शेठच्या शेतावर अवलंबून नव्हती. त्या ट्रकमध्ये बसून निघून गेल्या. आणि रोज संध्याकाळी बाजेसमोर फुलांचा ढीग पडत राहिला. तिसऱ्या दिवशी शेठनं झडतीला बसायचंच टाळलं, तरी बायांनी रिकाम्या बाजेसमोर ओट्या ओतल्या.

हे लिहायला मजेचं वाटतं, पण तेव्हा वस्तीत सगळ्यांच्या जिवाला घोर होता. शेठनं कंटाळून कपाशीवर नांगर घातला तर? शांता एकदा ओळीतच रडायला लागली की माझ्यामुळं झालं. गयाबाईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्यामुळं न्हाई गं, तुझ्यासाठी झालं. खडी फोडाया गेलाव तं सगळ्या जाऊ. पर त्याच्याआधी तो येतो बघ."

चौथ्या दिवशी सकाळी शेठनं मला जीपमध्ये घेतलं आणि विचारलं, "तिचं घर माहीत हाय का तुला?" मला माहीत होतं. वस्तीच्या तोंडाशी रस्ता अरुंद होता, जीप आत जाईना. शेठ उतरले आणि चालत निघाले. काठी जीपमध्येच राहिली. ती विसरली की ठेवली, हे मी कधी विचारलं नाही.

गयाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताजं फूल. त्यांनी हात धुतले, अंगणात बाज टाकली, वर धुतलेली वाकळ अंथरली आणि म्हणाल्या, "बसा मालक." मग पाण्याचा तांब्या आणून समोर धरला. आजूबाजूच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेठनं तांब्या हातात घेतला आणि थोडा वेळ तसाच धरून बसले. त्या तांब्यात काय काय होतं ते तिथं सगळ्यांनाच कळत होतं. मग ते प्यायले. घोट घोट करून सगळा तांब्या प्यायले.

"ए गये," ते म्हणाले, आणि थांबले. गयाबाई नुसत्या बघत राहिल्या. शेठनं घसा खाकरला. "गयाबाई," ते म्हणाले, "माझं पीक वाचव."

"वाचवते की. तुमचं एकट्याचं न्हाई, आमचंबी हाय ते." त्या जमिनीवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. "पर तीन गोष्टी हायत. एक, झडती न्हाई. तुमाला भरोसा नसंल तं आमाला बोलावू नका. दोन, काठी शेतात आणायची न्हाई. तीन, समद्यांला नावानं हाक मारायची. नावं येत नसतील तं मी शिकवते."

शेठ खाली बघत होते. मग म्हणाले, "कबूल."

"समद्यांसमोर म्हणा."

"कबूल हाय म्हणलं ना बाई," शेठ म्हणाले, आणि ते दारातल्या सगळ्यांनी ऐकलं.

मला वाटत होतं, आता नखं कुठून आणणार? महिना लागेल वाढायला. पण गयाबाईंनी हे आधीच मनात जुळवून ठेवलं होतं. त्यांचं माहेर परतूरच्या पलीकडे. मागचे दोन मोसम चार-आठ दिवस माहेरी जाऊन तिकडच्या शेतात त्या हेच काम शिकवून आल्या होत्या. त्याच दुपारी भावाला निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परतूरहून पस्तीस बाया जालन्याला उतरल्या, डोक्यावर वाकळा, तोंडात गाणी, आणि अंगठ्यांना नखं. शेठ स्वतः स्टेशनवर गेले होते. दुपारी कळ्या सोलायचं काम त्यांनी धरलं. सकाळी पराग लावायला नख लागत नाही, ते आमच्या बेचाळीस बायांनी केलं. एकीचाही रोज बुडाला नाही. आणि राहिलेल्या मोसमात शेत असं लागलं की शेठना तक्रारीला जागा उरली नाही.

दिगंबरशेठ त्या दिवसापासून देवमाणूस झाले, असं मी म्हणणार नाही. हातात काठी नसल्यानं त्या हाताचं काय करावं हे त्यांना बरेच दिवस सुचत नव्हतं, ते तो पाठीमागे धरून फिरायचे. नावं घेताना अडखळायचे, मग बांधावरून गयाबाई शांतपणे सांगायच्या, "रुक्मिणबाई, मालक," आणि ते म्हणायचे, "हां, रुक्मिणबाई." मला मात्र ते शेवटपर्यंत डिप्लोमाच म्हणत राहिले. मी एकदा गयाबाईंपाशी रडगाणं गायलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी मागितलंच न्हाई साहेब. आमच्या अटीत तुमचं नाव घुसडलं असतं म्या. पर तुमी त्या दिशी वहीत बघून राह्यले होते." हसत म्हणाल्या, पण खरं होतं, आणि मी ते गिळलं. पुढच्या उन्हाळ्यात मी ती नोकरी सोडली. जाताना शेठसमोर उभं राहून माझं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

गयाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते तीन वर्षांनी. मी तेव्हा सरकारी नोकरीत परतूरला होतो. स्टेशनवर कुणाला तरी पोचवायला गेलो, तर फलाटावर बायांचा घोळका, साठेक तरी असतील, आणि मध्ये गयाबाई. केस पिकायला लागलेले, पाठ तशीच ताठ. बियाण्याच्या धंद्यात तोवर आणखी दोघं-चौघं उतरले होते आणि कपाशी सोलणाऱ्या बायांसाठी गयाबाईंकडे खेटे घालत होते. त्यांतला एक त्यांच्यासमोर उभा होता. पांढरं धोतर, काळी टोपी, बगलेत पिशवी. त्याला घाई होती, गाडी सुटायला आली होती. बाया चढत होत्या, आणि गयाबाई पायरीवर एक पाय ठेवून त्याला सांगत होत्या.

"झडती न्हाई. काठी न्हाई. समद्यांला नावानं."

"बाई, ते पोचल्यावर बोलू की. बसा ना आधी."

"आत्ताच बोला. न्हाई तं ह्या आत्ता उतरतेत."

शिट्टी झाली. डब्यातल्या बाया जागेवर बसल्या नाहीत, गाठोडी डोक्यावर तशीच धरून दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. गयाबाईंनी मला पाहिलं, हात वर केला आणि ओळखीचं हसल्या, पण त्यांचं लक्ष त्या माणसावरच होतं. गाडी हलली. तो माणूस धोतराचा सोगा धरून डब्याबरोबर धावायला लागला.

"कबूल बाई," तो धापा टाकत म्हणाला. "तिन्ही कबूल."

गयाबाईंनी आत वळून बायांना सांगितलं, "बसा गं आता," आणि बाया गाठोडी खाली ठेवून बसल्या.